व्याह्यांचा वाघ

गाडी सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती, पण अहमदपूरच्या मडिवाळप्पांच्या दारातून ती हातभरही हलली नव्हती. पुढच्या सीटवर कोणी बसायचं, हे ठरत नव्हतं.

"व्याही, तुमी म्होरं बसा. तुमी पाहुणे," लातूरचे गुरुपादप्पा म्हणाले. सहल त्यांनी काढली होती.

"असं कुटं असतंय का अप्पा? तुमी मुलाचे वडील. तुमचा मान पैला," मडिवाळप्पा दार उघडं धरून उभे.

दोघांचंही बरोबर होतं, हीच अडचण होती. मडिवाळप्पांची मंजुषा गुरुपादप्पांच्या वीरेशला दिली त्याला तीन वर्षं झाली होती. पण आमच्याकडे व्याही कितीही जवळचा झाला तरी त्याच्याआधी पाटावर बसायचं नसतं, की त्याच्याआधी घास उचलायचा नसतो. शेवटी गुरुपादप्पांच्या पत्नी रत्नम्मा म्हणाल्या, "दोघं बी मागं बसा," आणि स्वतः पुढे बसून त्यांनी दार ओढून घेतलं.

वीरेशने सहा दिवसांचा बेत आखला होता. आधी टिपेश्वरच्या जंगलात सफारी, मग त्याच गाडीने थेट कोकणात समुद्र. जंगल एका टोकाला, समुद्र दुसऱ्या टोकाला. समुद्र रत्नम्मांसाठी होता आणि वाघ गुरुपादप्पांसाठी.

त्या वाघाला साठ-पासष्ट वर्षं झाली होती. गुरुपादप्पांचे वडील बैलगाडीत भांडी घालून बाजार करत. हिमायतनगरला तेव्हा सगळे वाढोणाच म्हणत. तिथून परतताना त्यांना एका वळणावर वाघ दिसला. पुढे पोराने ताटात भाकरी टाकली की, "मी वाघ बघितलाय, तू काय बघितलास?" पोरगा गणितात नापास झाला तरी तेच. गोष्टीतला वाघ दरवर्षी वीतभर वाढत गेला आणि वडील ज्या झाडावर चढले होते ते झाड बुटकं होत होत शेवटी गोष्टीतून नाहीसंच झालं. वडील गेले, प्रश्न मात्र राहिला. अडुसष्टाव्या वर्षी गुरुपादप्पांना त्याचं उत्तर द्यायचं होतं. शेजारच्या दुकानदारांना, मठातल्या मंडळींना, न्हाव्यालासुद्धा सांगून झालं होतं, "थांबा, आल्यावर वाघ सांगतो."

भोकर, हिमायतनगर मागे पडलं. मुक्काम झाला. सकाळी जंगलाच्या फाटकावर मोबाइल जमा करून सगळे उघड्या जीपमध्ये बसले. मागच्या जीपमध्ये नांदेडचे एक डॉक्टर होते, हातभर नळीचा कॅमेरा घेऊन. चहाच्या टपरीवर मंजुषाची त्यांच्याशी ओळख झाली होती आणि फोटो पाठवा म्हणून तिने नंबरही दिला होता.

दोन तास हरणं आणि मोर बघण्यात गेले. मग वानर खोकल्यासारखं ओरडलं. गाईडने बोट वर केलं. "उजवीकडं. सागाच्या आडून बाहेर येतोय. आवाज नको."

वीरेशने दुर्बीण वडिलांच्या हातात दिली. गुरुपादप्पांनी ती डोळ्यांपर्यंत नेली आणि त्यांना शेजारचे व्याही आठवले.

"घ्या, आधी तुमी बघा."

"छे छे! आधी तुमी."

"पाहुण्याच्या आधी मी बघू?"

"मग मुलाच्या बापाच्या आधी मी बघू?"

"शूऽऽ!" गाईड दबक्या आवाजात ओरडला. तेव्हा आवाज नको म्हणून दोघांनी तोंडं डावीकडे वळवली आणि तिकडे कुजबुजत आग्रह चालू ठेवला. दुर्बिणीचा पट्टा मडिवाळप्पांच्या उपरण्यात अडकला. तो सोडवेपर्यंत गाईड म्हणाला, "गेला."

रत्नम्मांचे हात अजून जोडलेलेच होते. "काय रूप होतं वो! बघितलात ना?"

गुरुपादप्पांनी व्याह्यांकडे पाहिलं. मडिवाळप्पांनी गुरुपादप्पांकडे पाहिलं.

"हाव! लई भारी," मडिवाळप्पा म्हणाले.

"लई भारी," गुरुपादप्पा म्हणाले. यांनी बघितला आणि आपणच राहिलो, असं दोघांनाही वाटलं.

कोकणाची वाट पुन्हा लातूरवरूनच होती. "कुलूप नीट लागलंय का, तेवढं बघून येऊ," रत्नम्मा म्हणाल्या.

"न्हाई! सरळ चल रे," गुरुपादप्पा ओरडले. घरापाशी थांबलं की शेजारी वाघ विचारणार. लातूर संपेपर्यंत ते खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होते.

समुद्र दिसताच रत्नम्मा लुगडं सावरून पाण्यात शिरल्या, त्यांच्यामागे मंजुषा. वीरेशने हौसेने गाडी वाळूवर घेतली आणि चाकं रुतली.

"ढकला थोडं," तो म्हणाला.

मडिवाळप्पा उतरू लागले, तसा गुरुपादप्पांनी त्यांचा हात धरला. "तुमी बसा. व्याह्याकडून गाडी ढकलून घेऊ का मी?"

"आन तुमी ढकलणार, मी आत बसू? लोक काय म्हणतील?"

शेवटी एकमेकांचा मान राखून दोघेही मागच्या सीटवर बसून राहिले. चाकं आणखी खाली गेली. भरती लागली होती. एक कोळी दोर घेऊन आला, आत डोकावला आणि वीरेशला म्हणाला, "आधी ही दोन पोती खाली उतरव."

"उतरा, व्याही."

"आधी तुमी."

"न्हाई, आधी तुमी."

तेवढ्यात लाट दारातून आत आली. गुरुपादप्पांची एक चप्पल तरंगत निघाली, तसा त्यांचा तोल सुटला. "उतरा वो आता! या तुमच्या 'आधी तुमी'पायी माझा वाघ गेला!"

मडिवाळप्पा गर्रकन वळले.

"गेला? म्हंजे तुमाला दिसलाच न्हाई?"

"तुमाला दिसला की."

"मला कुटं? मला तुमची टोपी तेवढी दिसली!"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि असे हसू लागले, की गाडी आणखी दोन बोटं रुतली. मग दोघे दोन दारांनी एकदमच उतरले. त्यांनी ढकललं, कोळ्याने ओढलं आणि गाडी निघाली.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर दोन्ही व्याही बाजूला बसून वाघ ठरवत होते.

"केवढा सांगायचा?"

"आमच्या वडलांचा शेवटी बारा फूट झाला होता."

"मग आपला तेरा."

लातूरला परतल्यावर घर माणसांनी भरलं. मडिवाळप्पाही खास थांबले होते. गुरुपादप्पांनी वाघ उजवीकडून काढला, मडिवाळप्पांनी त्याला शेपटी दिली. तेरा फुटांपर्यंत गोष्ट आली आणि मंजुषा मोबाइल घेऊन धावत आली. "अप्पा, डॉक्टरांनी फोटो पाठवला! टीव्हीवर लावते."

कुणी नको म्हणायच्या आत तो लागलासुद्धा. रस्त्याच्या कडेला, दहा पावलांवर वाघ. जीपमध्ये हात जोडलेल्या रत्नम्मा, तोंडावर हात ठेवलेली मंजुषा, आ वासलेला वीरेश. आणि वाघाकडे चक्क पाठ केलेले दोन व्याही.

शेजारचा मन्मथ डोळे बारीक करून म्हणाला, "अप्पा, वाघ तिकडं. तुमी इकडं काय बघून राहिलात?"

गुरुपादप्पांनी मान वर केली. भिंतीवरच्या हारातून वडील बघत होते. तू काय बघितलास?

मडिवाळप्पा सावरायला पुढे झाले, "त्याचं असंय..."

"थांबा व्याही," गुरुपादप्पा म्हणाले. "आज आधी मी."

मडिवाळप्पा मुकाट्याने खाली बसले.

गुरुपादप्पा टीव्हीजवळ गेले. "आमच्या वडलांनी वाघ बघितला. आन बैल तिथंच सोडून ते झाडावर चढले. पुढं पुढं हे ते सांगायचे न्हाईत, पन आई सांगायची. आता ह्ये बघा. वाघ दहा पावलांवर. मी हाय का झाडावर? ह्ये व्याही हायत का? आमी पाठ फिरवून आपलं बोलून राहिलो. वळून सुदा बघितलं न्हाई!"

मन्मथने मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठे!"

तो फोटो आता वडिलांच्या फोटोशेजारी आहे. नीट पाहिलं तर त्यातला वाघ चालता चालता थबकून त्या दोन पाठींकडेच बघतो आहे. "मामंजींनी वाघ बघितला आन यांना वाघानं बघितलं," असं म्हणत रत्नम्मा रोज दोन्ही काचा पुसतात. आधी सासऱ्यांची. मान त्यांचा.