कपाटातलं पुस्तक पुढे सरकतंय

"भूत असेलच, तर त्याचं माप आणून द्या. शिवून देतो!" शिंपीमास्तर कात्री चालवताना गिऱ्हाइकांना सुनवायचे. असा हा खमक्या माणूस बायको गेल्यावर तिसऱ्या महिन्यात एका आकड्याला घाबरला!

आकडा बायकोच्या ई-रीडरमध्ये, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्रात होता. मास्तरांना वाचनाचा कंटाळा. पण रोज सकाळी तिचं अर्धवट राहिलेलं पुस्तक उघडून ते फक्त खालच्या कोपऱ्यात, किती वाचून झालं तेवढं बघायचे : ६१ टक्के. तेवढं बघायचं आणि दुकान उघडायचं.

एका सकाळी तिथे ६४ होते!

चष्मा पुसला. तरी ६४च.

दुसऱ्या दिवशी एकदम १००, आणि दुपारी परत ६७! मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. मध्येच शेवट वाचून मागे यायची खोड बायकोचीच! त्यांनी ते यंत्र कपाटात कोंडलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. सकाळी बघतात तर ७०!

मग भीती कधी सरली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मास्तर दाढी करून, भांग पाडून आकडा बघायला लागले. बायको पुस्तकात शेरे लिहायची, तसं त्यांनीही एका बोटानं लिहिलं, 'वाचतेस ना?' एवढ्या वेळात एक सदरा शिवून झाला असता!

आणि आकडा थांबला. ७१. चार दिवस हलेना.

"गप्प बसवलं नाही ना तुला!" मास्तर स्वतःवरच करवादले, आणि त्या नादात एका पँटचा पाय वीतभर आखूड कापला. शेवटी न राहवून त्यांनी लिहिलं, 'थांबू नकोस. पुढे वाच.'

अर्ध्या तासात धाकटी मेहुणी, बेबी, दुकानात धडकली. चेहरा पांढराफटक, पायांत दोन तऱ्हेच्या चपला.

"भाऊजी! ताई मोबाइलमधून बोलतेय!"

"काय बरळतेस?"

"तिनं तिच्या खात्यावरची पुस्तकं माझ्या मोबाइलात घालून दिली होती ना! तिचं अर्धं राहिलेलं मी पुढे वाचत होते. तर आत अक्षरं उमटली, 'वाचतेस ना?' चार दिवस हात लावला नाही मी! आज म्हणते, 'थांबू नकोस'!"

मास्तरांची सुई हवेतच राहिली. "शेवट आधीच वाचलास का गं?"

"वाचला. ताईनंच लावलेली खोड ती. पण तुम्हाला कसं कळलं?"

खातं एकच, म्हणून हिचा आकडा इकडे आणि इकडचा शेरा हिच्याकडे! खरं सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं. सांगितलं, तर ही हसेल आणि पुस्तक ठेवून देईल. आकडा कायमचा एकाहत्तरवर!

"बेबी, ताईचा शब्द कधी मोडलायस?"

"नाही हो."

"मग घरी जा आणि वाच."

"पण भाऊजी, पुस्तक फार रटाळ आहे!"

"बेबी!"

"वाचते, वाचते!"

दुसऱ्या सकाळी ७२. तो आकडा बेबीचा आहे, हे पक्कं ठाऊक असूनही मास्तर कोपऱ्याकडे बघून म्हणाले,

"आज लवकर उठलीस गं."