फेडरल कोर्टाचं बटण

"हा खटला काउंटी कोर्टात आठवडाभरसुद्धा राहणार नाही. लावा पैज!" सिनसिनाटीतल्या सॉसेज कारखान्याचे मालक नॉर्बर्ट लामर्स यांना त्यांच्या तरुण वकिलानं, वेंडेल क्रॉगमननं, फोनवर ठणकावून सांगितलं.

कारखान्यातल्या डार्लीन शाउबनं 'शीतगृह थंडच होत नाही' अशी आरोग्य खात्याकडे तक्रार केली. मॅनेजरनं तिची एकोणीस वर्षांची नोकरी एका दिवसात घालवली. गुरुवारी तिनं इथल्या काउंटी, म्हणजे जिल्हा कोर्टात दावा ठोकला. तिथली ज्यूरी, म्हणजे निकाल देणारी गावातली साधी माणसं, तिच्याच बाजूची निघणार, ही वेंडेलला धास्ती! पण डार्लीन राहायची नदीपलीकडच्या दुसऱ्या राज्यात, केंटकीत. दोन राज्यांतलं भांडण म्हणजे फेडरल, अर्थात केंद्राच्या कोर्टात नेता येतं. फक्त मालकांच्या हाती समन्स पडायच्या आत अर्ज गेला पाहिजे.

"कुठल्याही कागदाला हात लावू नका, साहेब! वाचूसुद्धा नका. दडी मारा!"

नॉर्बर्टनी दडी मारली ती चर्चच्या तळघरात. लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांतला शुक्रवार, मांस वर्ज्य, त्यामुळे सॉसेजवाले लामर्स चर्चच्या जेवणासाठी मासे तळत होते. डोक्यावर कागदी टोपी, भुवयांपर्यंत पीठ. ओळखणार कोण?

इकडे ऑनलाइन अर्ज तयार झाला. एक बटण दाबलं की काम फत्ते! पण मुकाट्यानं दाबेल तर तो वेंडेल कसला? असा पराक्रम अशिलाच्या डोळ्यांदेखत व्हायला हवा, तरच फर्ममध्ये भागीदारी मिळणार. लॅपटॉप छातीशी धरून तो चर्चमध्ये पोचला आणि रांगेतूनच ओरडला, "नॉर्बर्ट लामर्स! या, बटण तुमच्याच हातानं दाबा!"

त्याच्या मागचा दमलेला माणूस एकदम ताठ झाला. दिवसभर कारखान्याच्या फाटकावर ताटकळून बिचारा दोन घास खायला आला होता. हाक ऐकून नॉर्बर्ट हातातल्या डिशसकट पुढं आले.

"तुम्हीच का लामर्स? अहो, किती शोधायचं माणसानं!" त्यानं समन्स पुढं केलं. नॉर्बर्टनी सवयीनं त्याच्या हातात माशाची डिश ठेवली आणि कागद घेतला!

वेंडेलनं लॅपटॉप फाडकन मिटला; आता अर्जाला अर्थच उरला नव्हता! नॉर्बर्ट मात्र पिठाळ बोटांनी पानं उलटू लागले.

"वेंडेल, आपलं शीतगृह बिघडलंय?"

"साहेब, प्रश्न तो नाही! प्रश्न कोर्ट कुठलं हा आहे!"

"अरे, प्रश्न माझ्या सॉसेजचा आहे! मॅनेजर म्हणाला, डार्लीन आपणहून गेली. आणि तू म्हणालास, वाचू नका!"

सोमवारी शीतगृह दुरुस्त झालं, मॅनेजर कायमचा घरी गेला आणि डार्लीन कामावर आली. तिनं आधी थर्मामीटर तपासला, मग नॉर्बर्टना कडकडून मिठी मारली आणि दुपारी दावा मागे घेतला.

पैज मात्र वेंडेलनंच जिंकली. खटला काउंटी कोर्टात आठवडाभरसुद्धा राहिला नाही! भागीदारीचं तेवढं कुणी काही बोललं नाही.