वानखडे मॅडम पाट्या वाचतात

गावंड्यांनी नवा टीव्ही घेतला, ही बातमी त्यांच्या पोरीला वानखडे मॅडमकडून कळली. पोरगी दहावीला, म्हणून गावंड्यांनी घरात टीव्हीबंदी केलेली. स्वतः मात्र बेडरूमची कडी लावून, कानात इअरफोनची बोंडं घालून क्रिकेट पाहत. मॅडम त्यांच्या फाटकाशी थांबल्या, मोबाईलकडे पाहिलं आणि सायकल काढणाऱ्या पोरीला म्हणाल्या, "टीव्ही लागला वाटते वं नवा. पंचावन्न इंची. छान हाये." आणि पुढे चालत्या झाल्या.

घाटंजीत आमच्या गल्लीच्या टोकाचं घर मॅडमचं. कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत त्या साहाय्यक होत्या, आता रिटायर. लग्न केलं नाही. आई होती, ती चार वर्षांपूर्वी गेली. साडीखाली पांढरे बूट, डोक्यावर नातवंडांना शोभेल अशी टोपी आणि दोन्ही हातांत मोबाईल, प्रसादाची वाटी धरावी तसा. सकाळ-संध्याकाळ त्या गल्लीतून हळूहळू जात, मधेच थांबत, दोन पावलं मागे येत, आणि काखेतली वही काढून काहीतरी लिहून घेत.

मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. घरोघरचं वायफाय, टीव्ही, घड्याळ, कानातली बोंडं, सगळी यंत्रं म्हणे हवेत सारखं आपापलं नाव सांगत असतात. ऐकणारा पाहिजे. मॅडमच्या मोबाईलमध्ये त्या नावांची यादी उमटे. जवळ गेलं की नावाशेजारचा सिग्नलचा आकडा सुधारे, लांब गेलं की बिघडे. मी विचारलं, हे दुसऱ्याच्या घरात डोकावणं नाही का? त्या दुखावल्या.

"मी कोनाचं दार वाजवत नाही प्रमोदभाऊ. मी फक्त पाट्या वाचते."

पाट्याही एकेक वाचण्यासारख्या होत्या. एकाच्या वायफायचं नाव 'फुकट नाही', त्याच्या शेजाऱ्याचं 'नको तुझं', आणि दोघे सख्खे भाऊ. ओळखीचं नाव दिसलं की मॅडम पुढे जात. अनोळखी दिसलं की त्यांचा चेहरा उजळे. "गल्लीत पाव्हणा हाये," म्हणत आणि त्या पाव्हण्याचं घर सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. एक पाव्हणा तीन दिवस सकाळी दोन मिनिटंच येऊन जाई. तो दाताच्या डॉक्टरांचा विजेवरचा ब्रश निघाला. मॅडमनी जाऊन डॉक्टरांना तसं सांगितलं, आणि त्या दिवसापासून डॉक्टरांनी त्यांच्यासमोर तोंड उघडणं सोडलं.

टीव्हीच्या प्रकरणानंतर मात्र गल्ली हसायची थांबली. गावंडे घरोघर सांगत फिरले की ही बाई पाळत ठेवते, आज टीव्ही मोजला, उद्या आपल्या बायकापोरींचे फोटो काढील. मी दोन्ही बाजूंनी मान हलवत होतो. पण एका सकाळी ऑफिसला निघालो, तर पुढे माझे बाबा काठी टेकत चाललेले आणि त्यांच्या मागे वीस पावलांवर मॅडम, नजर मोबाईलवर. बाबा मारुतीच्या देवळाशी थांबले, त्याही थांबल्या. बाबा चालले, त्याही चालल्या.

माझं डोकं फिरलं. बाबांचं वय ब्याऐंशी. आयुष्य शिलाई मशीनवर गेलं, आता आठवण दगा देते. मी भर रस्त्यात मॅडमला थांबवलं आणि विचारलं, म्हाताऱ्या माणसाच्या मागे काहून फिरून राह्यल्या? त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी सांगू दिलं नाही. पुन्हा आमच्या घराकडे दिसल्या तर पोलिसात जाईन, असं म्हणालो. तेव्हा तीन-चार माणसं पाहत होती, त्यांत गावंडेही होते.

मॅडमनी वही मिटली. "बरं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांची फेरी बंद.

पंधरा दिवसांनी, मे महिन्यात, बाबा हरवले.

ऊन मी म्हणत होतं. मी ऑफिसात होतो. वंदनाला, माझ्या बायकोला, वाटलं बाबा आतल्या खोलीत कूलरसमोर निजलेत. साडेबाराला जेवायला उठवायला गेली तर पलंग रिकामा. मी धावत आलो. मोबाईल त्यांचा टेबलावरच, रोजच्यासारखा विसरलेला. पोलीस स्टेशनात फोटो दिला, बसस्टँड पाहिलं, देवळं पाहिली, दवाखाना पाहिला. पण त्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळी घाटंजी दारं लावून कूलरच्या घरघरीत पडलेली. कोणाला विचारणार? हाका मारल्या तर त्या कूलरमध्ये कोणाला ऐकू येणार? गावंडे मोटारसायकलवर एका बाजूने, मी स्कूटरवर दुसऱ्या बाजूने फिरलो. दीड वाजला. वंदनाने त्यांना शेवटचं दहाला पाहिलेलं, म्हणजे तीन-साडेतीन तास झाले असतील बाबांना जाऊन. डोक्यात एकच विचार होता, की कुठेतरी पडले असतील आणि त्यांच्यावर सावली नसेल.

मग मी मॅडमच्या फाटकाशी स्कूटर थांबवली. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. त्या ओट्यावर आल्या. मी कसंबसं सांगितलं. माफी मागायचं सुचलंही नाही. त्यांनी फक्त एवढं विचारलं की कानातली यंत्रं बाबांच्या कानात आहेत का.

बाबांना ऐकायला कमी येतं. माझ्या बहिणीने नागपूरहून कानाची दोन यंत्रं आणून दिली होती, मोबाईलला जोडायची. मी वंदनाला फोन केला. यंत्रांची डबी रिकामी होती.

"रात्री चार्जिंगले लावलती का?"

नव्हती. बाबा रात्री ती सदऱ्याच्या खिशातच ठेवून निजले होते.

मॅडम आत गेल्या, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि माझ्या मागे बसल्या. "मंग काल सकाळचीच चार्जिंग हाये. घंटा-दीड घंटा चालतीन. चला."

जाता जाता त्यांनी सांगितलं ते मला पंधरा दिवसांपूर्वीच ऐकता आलं असतं. महिनाभर रोज दहाच्या सुमाराला त्यांच्या फाटकावरून दोन पाव्हणे जात. नावं सारखी, फक्त एकाच्या शेवटी 'एल', दुसऱ्याच्या शेवटी 'आर'. चाल हळू, आणि एक कधी दुसऱ्याला सोडत नसे. शेवटी मागे जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, की ही बाबांच्या डाव्या-उजव्या कानाची यंत्रं. मोबाईल घरी राहिला की ती त्याला शोधत सारखी नाव सांगत राहतात. तेवढंच सांगायला त्या माझ्याकडे येणार होत्या, की बाबूजी मोबाईल घरी विसरतात, जरा लक्ष द्या.

मी स्कूटर चालवत राहिलो.

त्यांचा हुकूम होता की गाडी पायी चालणाऱ्याइतकीच हळू न्यायची. जोरात गेलो तर नाव निसटतं. वीस-पंचवीस पावलांपलीकडचं ऐकूच येत नाही, म्हणजे गल्ली न् गल्ली पिंजायची. त्या डाव्या खांद्यावर थाप मारत, मी डावीकडे वळे. उजव्या खांद्यावर मारत, उजवीकडे. हँडल हाताला चटके देत होतं. मारुतीचं देऊळ झालं, भाजीबाजार झाला, शाळेमागचा रस्ता झाला. काही नाही. सव्वादोन वाजले.

कापूस बाजाराच्या भिंतीजवळ त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"थांबा. एकच हाये. एल. दुसरा नाही दिसून राह्यला."

त्या उतरल्या आणि मोबाईल समोर धरून चालू लागल्या. मी मागे. एका निंबाखाली पाणपोईचे रांजण होते. त्या वाकल्या आणि धुळीतून चिंचोक्याएवढी वस्तू उचलून माझ्या तळहातावर ठेवली. बाबांचं डाव्या कानाचं यंत्र. ते अजून चालू होतं. मी तिथेच रांजणाला टेकलो.

मॅडमचा आवाज बदलला नाही. प्रयोगशाळेत पोरांना सांगत असतील तसं त्यांनी सांगितलं, की बाबा इथे पाणी प्यायले असतील, दुपट्ट्याने तोंड पुसलं असेल, तेव्हा हे पडलं. म्हणजे इथपर्यंत ते पायांवर होते. मग मला विचारलं, "त्याहिले जाचं कुठी होतं?"

मी म्हणालो, कुठेच नाही, त्यांना कुठे जायचं असणार?

"आता नाही. आधी. उन्हाळ्यात कुठी जात होते?"

आणि मला मारेगाव आठवलं. आईचं माहेर. उन्हाळ्यात आम्हाला घेऊन आई तिकडे जाई आणि शाळा उघडायच्या आधी बाबा आणायला येत. तेव्हा तिकडच्या खाजगी गाड्या स्टँडवरून नाही, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून सुटत. आता तिथे गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं.

गॅरेजला दुपारची सुट्टी होती. फाटक नुसतं लोटलेलं. आत तीन नादुरुस्त बसगाड्या उन्हात एकमेकींना चिकटून उभ्या. मॅडमनी मला स्कूटर बंद करायला लावली. माझा मोबाईलही बंद करायला लावला, तो म्हणे फार कल्ला करतो. मग त्या अशा स्तब्ध उभ्या राहिल्या की मला माझाच श्वास मोठा वाटू लागला.

"आर," त्या म्हणाल्या.

आकडा फार वाईट होता. लोखंडी पत्र्याच्या आत आवाज दबतो, त्यांनी सांगितलं. त्या पहिल्या गाडीजवळून गेल्या, दुसरीजवळून गेल्या. आकडा सुधारला. मी खिडक्यांतून पाहायचा प्रयत्न केला, पण काचांवर धुळीचा थर. तेवढ्यात मॅडम थांबल्या आणि त्यांनी मोबाईल खाली केला. नाव यादीतून गेलं होतं. यंत्राची बॅटरी संपली होती.

"दुसरी नाही त तिसरी," त्या म्हणाल्या आणि मी तोवर दुसरीचं दार ओढत होतो.

बाबा मागून तिसऱ्या सीटवर ताठ बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. आत भट्टी होती. त्यांचे ओठ फाटले होते आणि अंगावर घाम नव्हता, हे पाहून मला जास्त भीती वाटली. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. मी त्यांचा दंड धरून उठवू लागलो, तर त्यांनी सीटचा दांडा पकडला. सोडेनात. गाडी आता सुटेल, म्हणत होते, उतरलो तर जागा जाईल.

मी ओढत होतो आणि रडत होतो. मॅडमनी मला बाजूला केलं आणि बाबांच्या शेजारी बसल्या. पदर भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला, बाटलीच्या झाकणाने पाणी घोट-घोट पाजलं. बाबांनी विचारलं, "मारेगाव केव्हा येईन?"

"ही गाडी बिघडली बाबूजी," मॅडम त्यांच्या मोकळ्या डाव्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या. "दुसरी लागून राह्यली बाहेर. मी जागा धरते, तुमी या."

बाबांनी दांडा सोडला.

सरकारी दवाखान्यात दोन बाटल्या सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास अजून गेला असता तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी बाबांनी मला नावाने हाक मारली आणि जेवलास का, विचारलं. तेव्हा वळून पाहिलं, तर मॅडम निघून गेल्या होत्या. त्यांची वही तेवढी बाकावर राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी ती द्यायला गेलो. रात्री दवाखान्यात बसल्या बसल्या ती उघडली होती, हे कबूल करतो. प्रत्येक घराला एक पान होतं. माझ्या पानावर माझ्या मोबाईलचं नाव आणि खाली ओळीने नोंदी. 'सात. आला.' 'सव्वासात. आला.' एका ठिकाणी, 'नऊ वाजले. पाऊस. नाही.' आणि त्याखाली वेगळ्या पेनाने, 'साडेदहा. आला.' गावंड्यांच्या पानावरही तसंच, पोरगी शिकवणीहून परत आल्याच्या नोंदी. सगळ्या गल्लीचं तसंच. फेरी बंद झाल्यानंतरची मात्र एकाही पानावर नोंद नव्हती.

मी वही दिली आणि माफी मागितली. वही वाचल्याचंही सांगितलं. त्या टोपीशिवाय फार लहान दिसत होत्या. मी विचारलं, यात तुमच्या घराचं पान नाही?

"मी त घरीच असते ना," त्या म्हणाल्या, जणू मी काही वेडगळ विचारलं. मग थोडं थांबून, "आई होती तवा ती पाहे, मी आली का नाही."

मी निघालो तर त्यांनी चहाचं विचारलं. एरवी मी नको म्हणालो असतो. मी आत जाऊन खुर्चीवर बसलो. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ एक कप उपडा घातलेला होता. दुसऱ्या कपासाठी त्यांनी स्टूल घेतलं, वरच्या फळीवर हात घातला आणि कागदात गुंडाळलेला कप काढला. कागद पिवळा पडला होता, कपाला चिकटला होता. त्यांनी तो नखाने हळूहळू सोडवला, कप धुतला, उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा धुतला.