चाळीस शतांश

लेकीची खोली मशीनसाठी ताब्यात घेतली त्या दिवशी काटेसाहेबांनी घरात जाहीर केलं होतं, "फक्त तीन आठवडे." त्याला आता आठ महिने होत आले होते. लेक बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होती आणि कपडे घ्यायला स्वतःच्याच खोलीत जाताना दारावर टकटक करून विचारत होती, "बाबा, माप चालू आहे का?" माप चालू असलं की कपाट उघडायला बंदी होती, कारण कपाटाचं दार उघडलं की काटा हलायचा.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कारखान्यात मालाची तपासणी करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती आणि डायलचा काटा स्वतः पाहिल्याशिवाय त्यांनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवल्याचं ऐकिवात नव्हतं. बायको म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा ह्यांनी माझी उंचीसुद्धा मोजली असती. सासूबाई शेजारी बसल्या होत्या म्हणून वाचले."

मशीनची कल्पना मात्र अगदी प्रेमापोटी निघाली होती. काटेसाहेबांचे वडील अण्णा यांनी उभा जन्म ओतकामासाठी लाकडी साचे करण्यात घालवला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि लाकूड कोरायची पटाशी हातातून गेली ती गेलीच. शिक्षण संपलं की नात नोकरीला दूरच्या शहरात जाणार हे ठरलेलं होतं, आणि तिला झाकणावर वेल कोरलेली एक पेटी द्यायची अण्णांनी मनाशी धरलं होतं. हात जरा शांत असलेल्या एका सकाळी त्यांनी कागदावर ती वेल काढलीसुद्धा. पुढे कागद समोर घेऊन नुसते बसून राहिले.

"तुम्ही काढलंत ना? कोरायचं मशीन मी करतो," काटेसाहेब म्हणाले. "कॉम्प्युटर सांगेल तसं पातं फिरेल. ती जायच्या आत पेटी तयार."

या मशीनचा जीव गँट्रीत असतो. गँट्री म्हणजे टेबलावरून पुढेमागे सरकणारी आडवी कमान; तिच्यावर पातं बसवायचं. ती लवली तर पातं भरकटतं. काटेसाहेबांनी प्लायवूडची देखणी गँट्री केली आणि ती किती लवते ते बघायला केसाएवढी हालचालही काट्यावर दाखवणारं डायल गेज काढलं. त्याच्या पायात लोहचुंबक असतो, पण टेबल लाकडी, गँट्री लाकडी, चिकटवणार कुठे? शेजारी लेकीचं लोखंडी कपाट होतं. त्याला तो पाय चिकटवला, डायलचं टोक गँट्रीला टेकवलं, पुढे वाकून गँट्री रेटली. काटा मिलिमीटरच्या चाळीस शतांशांवर जाऊन उभा राहिला. पाचच्या वर गेलं की माल नापास, असं कारखान्यात चाले. तेव्हा गँट्री नापास झाली.

अण्णा म्हणाले, "अरे, लाकूडच हवेनं त्याहून जास्त फुगतं." पण अण्णांनी जन्मभर डोळ्यांनी आणि अंगठ्यानं मापं घेतली होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं विचारात घेण्यात आलं नाही.

मग प्लाय दुप्पट जाड झालं. अडतीस. अॅल्युमिनियम आलं. एकोणचाळीस. प्लायची पहिली गँट्री बायकोनं दारात नेऊन तिच्यावर चपला मांडायला सुरुवात केली. काटेसाहेबांनी वेल्डर गाठला आणि चौकोनी लोखंडी पाइपची कमान करून घेतली. वेल्डर म्हणाला, "साहेब, यावरून ट्रक न्या." काटा म्हणाला सदतीस. मग पाइपमध्ये वाळू भरली, तेव्हा गँट्रीचं वजन अठ्ठावन्न किलो झालं, ती सरकवणाऱ्या मोटारी नुसत्या घुरघुरू लागल्या, म्हणून मोठ्या मोटारी आल्या, त्या टेबलाला झेपेनात म्हणून टेबलाला लोखंडी पाय आले, आणि सोफ्यावरच्या पांघरुणात वाळू आली. एवढी मजबूत गँट्री रेटायची म्हणून काटेसाहेब अंगातला सगळा जोर लावून वाकले. काटा बेचाळीसवर गेला.

डायल मात्र त्यांनी कपाटावरून हलवलं नाही. माप नेहमी एकाच जागेवरून घ्यावं, नाहीतर दोन मापांची तुलना होत नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा नियम होता आणि तो त्यांनी शेकडो नवशिक्यांना शिकवला होता.

बघता बघता लेकीच्या जाण्याचा दिवस उजाडला. गाडी दुपारी चारची होती. सकाळी तिनं सामान भरलं आणि कपाट पार रिकामं केलं. काटेसाहेबांनी म्हटलं, निघायच्या आधी एकदा बघून घेऊ. काटा थेट नव्वदवर गेला.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वेल्डिंग तडकलं असणार. त्यांनी पाने काढले आणि एकेक बोल्ट आवळायला घेतला.

"अहो, अडीच वाजले," बायको दारातून म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे. मी आलोच मागून."

लेक आत आली. त्यांच्या हाताला तेल लागलेलं होतं, म्हणून ती जवळ न येता दारातच थांबली. "येते बाबा," म्हणाली. ते "हो हो, स्टेशनवर भेटूच" म्हणाले, काट्यावरची नजर न काढता. हे ते पुढे कधी विसरणार नव्हते.

शेवटचा बोल्ट आवळून, हात धुऊन ते दारात चपला शोधत होते तेव्हा बायको आणि अण्णा जिना चढून परत येत होते.

"गेली?"

"गाडी वेळेवर सुटते," बायको म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

"बाबांना सांगा, पेटी सावकाश करा म्हणाली," अण्णांनी निरोप दिला. "तिला घाई नाही म्हणे."

काहीतरी करायचं म्हणून काटेसाहेब खोलीत गेले आणि गँट्री पुन्हा रेटली. अण्णा मागे येऊन खुर्चीवर बसले. आठ महिन्यांत त्यांना या खोलीत कुणी बसा म्हटलं नव्हतं. ते थोडा वेळ बघत राहिले.

"पुन्हा वाक बरं."

काटेसाहेब वाकले.

"तू वाकलास की कपाट मान डोलावतं," अण्णा म्हणाले. "तुझा पाय आणि कपाटाचा पाय एकाच फरशीवर आहेत. ती फरशी सुटलीय. कपाट रिकामं झाल्यापासून तर जास्तच डोलतंय."

त्यांनी खिशातून कागद काढला, थरथरत्या हातांनी त्याची चार वेळा घडी घातली, खाली वाकून कपाटाच्या पायाखाली सारली. "रेट आता."

काटा तीनवर थांबला.

काटेसाहेब दारात गेले. जुन्या गँट्रीवरच्या चपला खाली ठेवल्या, ती फडक्यानं पुसली. बायकोला हाक मारून दोघांनी लोखंडी गँट्री उतरवून टेबलाच्या कडेला ठेवली. प्लायची चढवली आणि रेटली. काटा चारवर थांबला. पास. आठ महिन्यांपूर्वीही पासच होती.

"आजच सुरू करतो," काटेसाहेब म्हणाले. "अण्णा, वेलीचा कागद कुठाय?"

अण्णांनी कपाटाच्या पायाकडे पाहिलं. "मला वाटलं, आता त्याचा काय उपयोग."

दुसरी वेल काढणं अण्णांच्या हाताला आता जमण्यासारखं नव्हतं. काटेसाहेबांनी कपाट तिरकं करून कागद हळूच ओढला आणि उलगडला. पानांवर आडव्याउभ्या घड्या पडल्या होत्या आणि मधोमध कपाटाच्या पायाचा गोल ठसा होता. घड्या जाईपर्यंत तो दाबून ठेवायला हवा होता. दोघा नवराबायकोंनी ती अठ्ठावन्न किलोंची गँट्री उचलून कागदावर ठेवली. त्या गँट्रीच्या हातून झालेलं हे पहिलं काम.

अण्णांनी आपला थरथरता हात तिच्यावर ठेवला आणि जरा रेटून पाहिलं.

"छान झालीय रे," ते म्हणाले. "अजिबात हलत नाही."