मी कुठे दमलोय!

दमलेला माणूस मी पाठमोरासुद्धा ओळखतो! बढाई नाही, शिक्षण घेतलंय त्याचं. बाटल्यांच्या कारखान्यातली सुपरवायझरची नोकरी सांभाळून, चाळिशी उलटल्यावर मी पदव्युत्तर पदविकेला बसलो. विषय होता, कामाच्या ठिकाणचा थकवा आणि त्याचे धोके. पहाटे उठून अभ्यास, सुट्टीच्या दिवशी वर्ग. घरातलं बाकीचं सगळं बायको बघायची.

"एकदाचे पास व्हा बाई," ती म्हणायची. "पुढच्या वर्षी पुन्हा हे सगळं माझ्याच्यानं होणार नाही."

शेवटी उरलं प्रात्यक्षिक. आपल्याच कारखान्यात योजना राबवायची आणि परीक्षक येऊन ती बघणार. माझी योजना फक्कड होती. एका रिकाम्या खोलीत खाट टाकली. कुणी डुलक्या घेताना, जांभया देताना दिसला की शेजारच्यानं त्याला हाताला धरून न्यायचं आणि निजवायचं. पण दमलेला माणूस कधी कबूल करतो का? म्हणून मी सगळ्यांना बजावलं, "जो म्हणेल मी दमलो नाही, तोच सगळ्यात जास्त दमलेला! त्याचं काही ऐकायचं नाही. मग तो कुणी का असेना!"

"कुणी का असेना?" फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या पहिलवानानं विचारलं.

"अरे, खुद्द मालक असला तरी!"

इथेच मी माती खाल्ली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई आल्या. धास्तीनं आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "थकवा हा छुपा शत्रू..." आणि तोंड जे उघडलं ते मिटेचना! एवढी मोठी जांभई मी जन्मात दिली नव्हती. पहिलवान फोर्कलिफ्टवरून खाली उतरला.

"चला साहेब."

"अरे, माझी परीक्षा चाललीय!"

"जांभई दिलीत तुम्ही."

"मी कुठे दमलोय!"

झालं! सगळ्या खात्यानं एकमेकांकडे पाहिलं. पहिलवानानं मला पोत्यासारखं खांद्यावर घेतलं.

"सोड रे! नापास होईन मी!"

"चिडचिड सुरू झाली, बघा," पॅकिंगच्या मावशी परीक्षक बाईंना समजावून सांगू लागल्या. "हे पण लक्षणच. साहेबांनीच शिकवलंय आम्हाला."

त्यानं मला खाटेवर टाकलं, दार लावलं आणि बाहेर पहारा दिला. दोन वर्षं पाण्यात! आता घरी कोणत्या तोंडानं जाऊ? आतूनच ओरडून उत्तरं द्यावीत, असं मी ठरवलं. पण खरं सांगतो, उशीला डोकं टेकलं, एवढंच आठवतंय.

जागा झालो तेव्हा बाई निघून गेल्या होत्या.

"तोंडी परीक्षा घ्यायची म्हणत होत्या," पहिलवान छाती फुगवून म्हणाला. "मी आत सोडलंच नाही! झोपलेल्याला उठवायचं नाही म्हणजे नाही."

मी कपाळाला हात लावला.

निकाल आला. पहिला वर्ग! खाली शेरा होता: 'योजना खुद्द विद्यार्थ्यावर चालताना पाहिली. तोंडी परीक्षेची गरज वाटली नाही.'

धावत घरी गेलो. बायको पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन निघाली होती.

"पास झालो!"

तिनं बादली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. "सुटले बाई," ती म्हणाली. मला एकदम कसंतरीच झालं. गेली दोन वर्षं ही माझ्यासमोर वावरत होती, पाठमोरी, समोरून, सगळीकडून! आणि मी पुस्तकात थकव्याची लक्षणं शोधत बसलो होतो.

"दमलीस का गं?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"छे! मी कुठे दमलेय!"

मग मी तिचं काही ऐकलं नाही. हाताला धरून नेलं आणि निजवलं. "अहो, कपडे... भांडी..." म्हणता म्हणता ती झोपलीसुद्धा.

कपडे वाळत घातले. भांड्यांचा ढीग घासायला घेतला. मध्ये मी दोनदा जांभई दिली. चांगली मोठ्यानं, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशी.

कुणीही आलं नाही.