सोनवणे सरांची कुलूपबंद रद्दी

आमच्या शाळेत कुलूप लावलेली कपाटं दोनच. एकात प्रश्नपत्रिका, दुसऱ्यात सोनवणे सरांची रद्दी. पेपरात घालून येणारी क्लासेसची पत्रकं, बिस्किटांचे रिकामे पुडे, एकाच दिवसाचे मराठी, हिंदी, गुजराती पेपर आणि कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा आख्खा फ्लेक्स. बातम्या, जाहिराती, व्हिडिओ कसे पाहायचे, हे सर नववीला याच रद्दीवरून शिकवतात. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते आणि माझी अर्धी मुलं भिंतीला कान लावून बसलेली असतात.

"कोणी काढलं? कुठं उभं राहून काढलं? बाहेर काय राहिलं?" हे सरांचे तीन प्रश्न. त्यातून कोणी सुटत नाही. मी कौतुकानं महाबळेश्वरचे फोटो दाखवले, तर म्हणाले, "मॅडम, यातून कोणाला कापलंत?" सासूबाईंना कापलं होतं. मी गुपचूप मोबाइल पर्समध्ये टाकला.

गेल्या हिवाळ्यात एक व्हिडिओ फिरला. उत्तनच्या कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांवर एक माणूस औषध फवारतोय! नववीतल्या रोझलीनची आई तिथलीच सुकी मासळी भाईंदर पूर्वेला विकते. आठवडाभर तिच्या टोपलीकडे कोणी फिरकेना. रोझलीन वर्गात रडकुंडीला आली. "सर, आई बोलते आता धंदा बंद. आमचा काय दोष हाय?"

रविवारी सरांनी सगळा वर्ग उत्तनला नेला. गावात विचारल्यावर कळलं, तो माणूस रस्त्यापलीकडच्या गटारात डासांचं औषध मारत होता. सरांनी एका मुलीच्या हातात रिकामा पंप देऊन तिला तिथं उभं केलं. बाकीच्यांनी चारही बाजूंनी शूटिंग केलं. एकाच बाजूनं पाहिलं, की ती बोंबलांवरच फवारतेय असं वाटायचं. हा नवा व्हिडिओ मुलांनी आपापल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, आणि हळूहळू गिऱ्हाइकं परतली. मीही अर्धा किलो बोंबील घेतले.

खरी गंमत पुढेच. पुढच्या सोमवारी सरांनी रोझलीनच्या आईला वर्गात बोलावलं आणि चाळीस मुलांसमोर हात जोडले. "ताई, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तो औषध फवारल्याचा व्हिडिओ मीच टाकला होता. चुकलं माझं." वीस वर्षांच्या नोकरीत मी शिक्षकाच्या तोंडून, मुलांसमोर, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मी दारात उभी होते.

मधल्या सुट्टीत न राहवून विचारलं, "सर, तुमच्याकडून असं कसं झालं?"

"माझ्या मुलानं पाठवला होता. कॅनडात असतो. फोन नाही करत, असलंच काहीबाही पाठवतो. त्याचं आलं, की मला आधी सगळ्यांना दाखवावंसं वाटतं."

"मग तो खोटा होता, हे कळवलंत त्याला?"



"नाही हो. चूक काढली, तर एवढंही पाठवायचा नाही."