अठ्ठावीसशे आजोबा

ताईंनी बटण दाबलं तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. पुढच्या चार मिनिटांत अठ्ठावीसशे माणसांच्या फोनवर एकच निरोप गेला: ‘आजोबा, तुमची कवळी आमच्याकडे राहिली आहे. येऊन घेऊन जा.’

ताई एका छोट्या कंपनीत दातांच्या दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहीत. रुग्णांना तपासणीच्या वेळेची आठवण करून देणारी नवी सोय त्या तपासून बघत होत्या. तपासायला खोटे नंबर वापरायचे, असा नियम होता. पण खोटी यादी तयार करण्यात अर्धा दिवस मोडतो, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी दवाखान्याची खरीच यादी आपल्या मशीनवर उतरवून घेतली होती. ‘उद्या बदलू’ असं त्या रोज स्वतःला सांगत. निरोप बाहेर जाऊ नयेत म्हणून घातलेला अडसर सकाळी दुसऱ्या कामासाठी काढला, तो परत लावायचा राहिला. मजकूर काय टाकू, असं विचारल्यावर शेजारची सहकारी म्हणाली होती, “काहीही लिहा हो.” ताईंनी काहीही लिहिलं.

पहिला फोन आला सासऱ्यांचा.

“सूनबाई, माझी कवळी माझ्या तोंडात आहे. मग दवाखान्यात कुणाची आहे?”

“बाबा, चुकून गेलाय तो निरोप.”

“नक्की ना? म्हणजे तोंडातली माझीच ना? कालपासून जरा टोचतेय.”

दुसरा फोन दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीचा. “ताई, इथे जिना भरलाय माणसांनी! एक पैलवान आलाय, विचारतोय, आजोबा कुणाला म्हणता? आणि एक बाई म्हणतात, कवळी माझी नाही, पण आलेच आहे तर एखादी बरीशी दाखवा.”

कंपनीचे साहेब धावत आले.

“घाबरू नका. व्हायरस आला होता म्हणून सांगू. व्हायरसला कुणी साक्षीला बोलावत नाही. तुम्ही फक्त ती यादी उडवा, नोंदीसकट. यादी नव्हतीच, विषय संपला.”

ताईंचं बोट यादी पुसायच्या बटणावर जाऊन थांबलं. एकदा दाबलं की सगळं मिटणार होतं. त्यांनी हात मागे घेतला.

“साहेब, लोकांनी आपला नंबर दवाखान्याला दिला होता, मला नाही. यादी इथे आली ती माझ्यामुळे. मी जाऊन सांगते.”

“अहो, काम जाईल हातचं!”

“जाईल कदाचित,” ताई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांपुढे त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “आधी बाहेरच्यांना सांगा. मग आपण बोलू,” त्या म्हणाल्या.

ताई काउंटरपाशी उभ्या राहिल्या आणि येईल त्याला “चूक माझी आहे” असं सांगत राहिल्या. पैलवान लगेच विरघळला. ‘बरीशी’ कवळी बघायला आलेल्या बाई मात्र थोड्या नाराज झाल्या.

मग एक निवृत्त मास्तर अगदी जवळ येऊन कुजबुजले. “हसण्यावारी नेऊ नका. माझी कवळी घरात कुणालाही ठाऊक नाही. सहा वर्षं मी ती न्हाणीघराचं दार लावून धुतोय. बायकोनं माझा फोन उघडला असता तर?”

आता मात्र ताईंना खरंच रडू यायला लागलं. तेवढ्यात मास्तरांच्या मागून, तोंडावर रुमाल धरलेल्या एका बाईंचा आवाज आला. “तक्रार कुठे लिहायची? फार खासगी आहे.”

मास्तर गर्रकन वळले. “तू?”

“तुम्ही? तुम्ही तर बँकेत गेला होता!”

“आणि तू मैत्रिणीकडे!”

मास्तरांनी हळूच विचारलं, “तुलाही?”

“वरची. पाच वर्षं झाली. तुमची?”

“दोन्ही.”

“म्हणून घरात सफरचंद आणू देत नाही होय!”

“मी? मला वाटलं, तुलाच आवडत नाहीत!”

दोघं बाकावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसताना तोंडावर हात धरायची दोघांची सवय एकाच क्षणी सुटली. मग मास्तर उठून ताईंना म्हणाले, “पोरी, तुझे उपकार फेडता येणार नाहीत.”

“नाही काका. तुमचं गोड झालं हे तुमचं नशीब. दुसऱ्या कुणाच्या घरी भांडण पेटलं असतं. तुम्ही तक्रार लिहाच.”

त्या आत गेल्या तेव्हा साहेबही घाम पुसत येऊन पोचले होते. “डॉक्टर, तो जो व्हायरस...”

“व्हायरस आत्ताच आल्या बघा,” डॉक्टर ताईंकडे बोट दाखवून म्हणाल्या. “बसा, चहा घ्या. काम मी काढून घेणार होते. पण नवा येणारा माणूस मला खरं सांगेलच, याची काय खात्री? यापुढे आमची यादी कुणाच्याही मशीनवर जाणार नाही, हे ताई स्वतः बघतील. आणि आज संध्याकाळी त्यांच्या नावानं सगळ्यांना माफीचा निरोप जाईल.”

साहेबांनी मान हलवली. ताईंनी हात जोडले.

बाहेर मास्तरांच्या बायकोनं तक्रार लिहून दिली होती. शेवटी लिहिलं होतं: ‘ही चुक गंभीर असून पुन्हा होऊ नये. बाकी आम्ही दोघं तिचे मनापासून आभारी आहोत.’ काउंटरवरची मुलगी दोन फायली घेऊन घोटाळ्यात उभी होती, एक तक्रारींची, एक आभाराच्या पत्रांची. शेवटी ती प्रत काढायला निघाली.

“थांब,” ताई म्हणाल्या. “त्यावर त्यांची नावं आहेत. दोन ठिकाणी ठेवलं तर चालेल का, हे आधी त्यांना विचार.”

मुलगी जिना उतरून पळाली आणि फाटकाशी तिनं त्यांना गाठलं. परवानगी लगेच मिळाली. फक्त मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि बायकोनं लिहिलेल्या ‘चुक’मधला ‘चु’ दीर्घ करून दिला.